स्नायूला निरोप पुन्हा पुन्हा धाडावा लागतो

प्रश्न : माझं वय ४४, वजन ६८ किलो. उपाशीपोटी साखर ११० च्या आसपास आल्यामुळे डॉक्टरांनी औषध न देता व्यायाम करायला सांगितला. दुसरा काही आजार नाही. नऊ आठवडे झाले. आठवड्यातून तीन संध्याकाळी आधी ४० मिनिटं धावते-चालते आणि लगेच ४० मिनिटं वजनं उचलते. पहिल्या तीन आठवड्यांत दम लागणं कमी झालं, वजनंही भराभर वाढली. तेव्हापासून सगळं अडून बसलंय. अंग दुखू नये म्हणून मनानेच रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेते, व्यायामानंतर दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात बसते. कामामुळे सगळा व्यायाम शनिवार-रविवारी उरकावा असंही मनात आहे. माझ्या जनुकांना व्यायाम मानवतो की नाही हे सांगणारी चाचणी करून घ्यावी का? आतमध्ये नेमकं काय बदलतं हे कळलं तर धीर येईल.

उत्तर : धीर सोडू नका. पहिल्या तीन आठवड्यांत शरीरातले लवकर होणारे बदल झाले. आता सावकाश होणाऱ्या बदलांची पाळी आहे, आणि साखरेच्या दृष्टीने तुम्हाला तेच जास्त हवे आहेत. फक्त गोळ्या, बर्फ आणि शनिवार-रविवारचा बेत या तीन गोष्टी नेमक्या त्यांच्याच वाटेत येतात. त्या का येतात हे समजायला स्नायूच्या पेशीत थोडं डोकवावं लागेल.

आधी त्या लवकर मिळालेल्या यशाबद्दल. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, वाढतो. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं आणि तेवढ्याच वेगाला दम कमी लागतो. वजनांचं म्हणाल तर त्या दिवसांत स्नायू जवळपास तेवढाच असतो. मेंदू आणि मज्जारज्जू जास्त स्नायुतंतूंना एका वेळी कामाला लावायला शिकतात. या दोन्ही गोष्टी भराभर होतात आणि लवकर एका पातळीला टेकतात. त्यानंतरची प्रगती पेशीत नवीन प्रथिनं किती साठतात यावर ठरते, आणि प्रथिनं दिवसांच्या नव्हे, आठवड्यांच्या हिशोबाने साठतात.

आता आत डोकवू. स्नायू आखडायला एटीपी नावाचं इंधन लागतं आणि त्याचा साठा जेमतेम काही सेकंदांचा असतो. तरीही धावताना एटीपी फारसं घटत नाही, कारण पेशी ते सतत भरून काढते. भरून काढण्याची एक युक्ती अशी : वापरून झालेले एडीपीचे दोन रेणू जोडून एक एटीपी परत मिळवायचा, दुसऱ्याचा एएमपी होतो. एएमपी मुळात अगदी थोडा असतो, त्यामुळे एटीपी किंचित जरी घसरला तरी एएमपी कित्येक पटींनी चढतो. एएमपीके नावाचं विकर नेमकी हीच चढण ओळखतं. इंधनाच्या टाकीवरचा काटा म्हणा ना. ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा उतरला की हे विकर आणखी जागं होतं. त्याच वेळी, प्रत्येक आकुंचनासाठी पेशीत सुटणारं कॅल्शियमही वेगळ्या वाटेने तोच निरोप पुढे नेतं.

हे निरोप पीजीसी-१ अल्फा या प्रथिनापाशी एकत्र येतात. १९९८ मध्ये ते प्रथम तपकिरी चरबीत सापडलं. ते पेशीच्या केंद्रकात जाऊन मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी घरं, वाढवणारी जनुकं चालू करायला मदत करतं. इथलं काम गुंतागुंतीचं आहे, कारण मायटोकाँड्रियाला स्वतःचं वेगळं डीएनए असतं. त्यात फक्त ३७ जनुकं आहेत आणि त्यांतून अवघी १३ प्रथिनं बनतात. उरलेली हजारावर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनवून बाहेरून आत आणावी लागतात. दोन ठिकाणचा माल मापात जुळला तरच यंत्र उभं राहतं. एका व्यायामाने हे का होत नाही, हे यावरून लक्षात यावं. जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये दाखवलं की आठवडेच्या आठवडे पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट होते. पुढची साठ वर्षं 'हे होतं कसं' याचाच शोध चालू आहे.

तुमच्या शनिवार-रविवारच्या बेताचं उत्तर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळतं. दोन आठवड्यांत जोरकस सायकलिंगची सात सत्रं घेतली आणि मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे मधूनमधून तपासले. पहिल्या सत्रानंतर चार तासांनी पीजीसी-१ अल्फाचा एम-आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याची तात्पुरती चिठ्ठी, दहापटीहून जास्त वाढला होता. चोवीस तासांत तो पुन्हा मूळपदावर आला. पुढच्या सत्राला परत उसळला, परत उतरला. चिठ्ठ्या अशा येत-जात राहिल्या, पण त्यांवरून बनलेली प्रथिनं मात्र प्रत्येक वेळी थोडी मागे उरली आणि साठत गेली. दुसरी नोंद तुमच्या अडून बसण्याशी जोडलेली आहे : काम तेच राहिलं तर प्रत्येक पुढच्या सत्राची उसळी आधीपेक्षा लहान होत गेली. स्नायूला त्या कामाची सवय झाली की निरोपाचा आवाज बारीक होतो.

सगळा व्यायाम दोन दिवसांत उरकलात तर दोन मोठे निरोप जातील आणि पुढचे पाच दिवस शांतता. काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी बरं, पण तुमचा प्रश्न साखरेचा आहे आणि साखरेचं घड्याळ आणखी तोकडं आहे. रक्तातली साखर स्नायूत घेणारं दार म्हणजे ग्लूट-४ हे प्रथिन. एरवी ही दारं पेशीच्या आत ठेवलेली असतात आणि इन्शुलिनने हाक मारली की पृष्ठभागावर येतात. स्नायू आखडला की ती इन्शुलिनशिवायही बाहेर येतात. इन्शुलिनची हाक ऐकू न येणाऱ्या शरीरासाठी ही दुसरी किल्ली आहे. काही तासांत दारं परत आत जातात. त्यानंतर साधारण एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो, मग तेही ओसरतं. नियमित व्यायामाने दारांची एकूण संख्याच वाढते, पण व्यायाम थांबला की आठवड्याभरात ती घटू लागते. म्हणून एक नियम पाळाच : सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको.

वजनांची वाट वेगळी आहे. तिथे मुख्य निरोप इंधनाच्या तुटीचा नसतो, ताणाचा असतो. तंतूवर पडलेला ओढा पेशीला जाणवतो आणि एमटॉर या विकराचं काम सुरू होतं. प्रथिन बांधण्याचा कारखाना त्याच्या हाती आहे. २००९ च्या एका प्रयोगात माणसांना व्यायामाआधी एमटॉर बंद पाडणारं रॅपामायसिन हे औषध दिलं, तेव्हा वजनं उचलूनही प्रथिनांची बांधणी वाढली नाही. एरवी ती व्यायामानंतर २४ ते ४८ तास वाढलेली राहते. आता अडचण अशी की इंधनाची तूट सांगणारं एएमपीके हे एमटॉरला आवर घालतं; टाकी रिकामी असताना बांधकाम काढणं पेशीला परवडत नाही. 'धावल्याने वजनांचा फायदा बुडतो' ही चर्चा यातूनच वाढली. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन यांनी आठवड्यात पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमवणारा व्यायाम एकत्र दिला, तेव्हा सात-आठ आठवड्यांनंतर ताकद वाढायची थांबली आणि पुढे घटली. पण तो भार तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त होता. तुमच्या पातळीवर हा अडथळा लहानच राहील, त्यासाठी धावणं सोडायचं कारण नाही. तुमची अडचण साधी आहे : ४० मिनिटं धावून थकलेल्या पायांनी तुम्ही वजनाखाली उभ्या राहता, म्हणून वजन वाढत नाही. क्रम उलटा करा. आधी वजनं, मग धावणं. शक्य असेल तर दोन्हींत सहाएक तासांचं अंतर, नाहीतर वेगळे दिवस.

आता गोळ्या. धावताना स्नायूत ऑक्सिजनची काही आक्रमक संयुगं तयार होतात. ती पेशीला इजा करतात हे खरं, पण मर्यादेत असताना तीच जुळवून घेण्याचा निरोपही देतात. २००९ मध्ये जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात चार आठवड्यांच्या व्यायामासोबत नेमक्या तुमच्याच मात्रेची क आणि ई जीवनसत्त्वं दिली. ज्यांनी ती घेतली नाहीत त्यांची इन्शुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुधारली. घेणाऱ्यांची सुधारली नाही. सगळ्या अभ्यासांचं चित्र इतकं स्पष्ट नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकरा आठवड्यांच्या अभ्यासात गोळ्यांमुळे मायटोकाँड्रियाची प्रथिनं कमी वाढली, तरी व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, दोन्ही गटांत सारखंच वाढलं. पण तुम्ही व्यायाम करताय तोच साखरेसाठी, मग त्याचा मुख्य लाभ पुसणारी गोळी कशाला? डॉक्टरांनी दिलेली नसल्याने आजच थांबवायला हरकत नाही. फळं आणि भाज्या मात्र भरपूर खा, त्यांतल्या मात्रेने असं काही होत नाही.

बर्फाचंही असंच. २०१५ च्या एका अभ्यासात बारा आठवडे आठवड्यातून दोनदा वजनं उचलल्यावर एका गटाला दहा मिनिटं सुमारे १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बसवलं, दुसऱ्याला हलकी सायकल चालवायला लावली. थंड पाण्यातल्यांचा स्नायू आणि ताकद, दोन्ही कमी वाढले. एमटॉरच्या वाटेवरचे निरोप आणि स्नायूची डागडुजी करणाऱ्या सॅटेलाइट पेशींचं कामही मंदावलेलं दिसलं. म्हणून वजनांच्या दिवशी बर्फ नकोच. आणि अंग दुखतं ते लॅक्टिक आम्लाने नाही. लॅक्टेट तासाभरात उतरतं, दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं. ते तंतूंच्या सूक्ष्म इजेचं आणि तिच्या डागडुजीचं दुखणं असतं. तेच काम आठवड्याने पुन्हा केलं की बरंच कमी दुखतं, कारण स्नायू त्या ताणाला जुळवून घेतो. म्हणून नवा प्रकार सुरू करताना पहिल्या दिवशी एकच सेट करा. वेदनाशामकही रोज घेऊ नका : तरुणांमध्ये आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिल्यावर स्नायूची वाढ कमी झाल्याचं दिसलं आहे.

हे सगळं धरून आठवडा असा लावा. सध्या तुमची २४० मिनिटं जातात, यात त्याहून कमी जातील.

सोमवारी फक्त वजनं, ४० मिनिटं. सहा प्रकार पुरेत : स्क्वॉट, डेडलिफ्ट, छातीसाठी ढकलणं, पाठीसाठी ओढणं, डोक्यावर ढकलणं आणि पोटऱ्या. प्रत्येकाचे दोन ते तीन सेट, ८ ते १२ रेप्स, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. वजन असं निवडा की सेट संपताना आणखी दोनच रेप्स निघाल्या असत्या असं वाटेल. सगळ्या सेटमध्ये १२ जमले की पुढच्या वेळी अडीच ते पाच टक्के वाढवा. यापेक्षा घाई करू नका. स्नायू आठवड्यांत बळावतो, पण त्याला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेतलं कोलॅजेन महिन्यांच्या चालीने बदलतं. गुडघ्याखाली किंवा कोपराशी सकाळी कडक दुखू लागलं तर ही तफावतच बहुधा कारण असते. अशा वेळी वजन दोन आठवडे तृतीयांशाने उतरवा, पूर्ण बंद करू नका.

मंगळवारी ३५ मिनिटं सोप्या गतीने. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गुरुवारी जोरकस टप्पे : दहा मिनिटं वॉर्म-अप, मग चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं अगदी हळू, असं पहिले दोन आठवडे तीन वेळा, नंतर चार वेळा, शेवटी पाच मिनिटं चाल. जोरात म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मिनिटात दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. ठोके मोजत असाल तर २२० वजा वय या हिशोबाने तुमची कमाल १७६ आणि लक्ष्य साधारण १५० ते १५८, पण हे सूत्र दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, तेव्हा बोलण्याची खूण जास्त भरवशाची. सुरुवातीला बहुतेकांचा पहिला टप्पा फार वेगात जातो आणि तिसरा कोलमडतो. चारही टप्पे सारख्या वेगाने होतील असाच वेग धरा. दुसरी चूक मंगळवारी होते. सोपा दिवस हळूहळू मध्यम होत जातो आणि गुरुवारी पायांत जोर उरत नाही. हे टप्पे सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारा. छातीत दाब, चक्कर किंवा अनियमित ठोके जाणवले तर तिथेच थांबून त्यांच्याकडे जा.

शनिवारी आधी वजनं, मग अर्धा तास सोपं धावणं-चालणं. बुधवार, शुक्रवार, रविवार मोकळे, पण त्या दिवशीही जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाला. जेवणातली साखर रक्तात चढत असतानाच स्नायूची ती दुसरी किल्ली फिरते. एखाद्या आठवड्यात वेळच नसेल तर गुरुवार आणि एक वजनांचा दिवस राखा, बाकीचं सोडा. मोठ्या खाड्यानंतर सगळा व्यायाम एकाच दिवशी भरून काढू नका. तसं केल्यावर लघवी गडद तपकिरी झाली आणि स्नायू सुजले तर ते तंतू मोठ्या प्रमाणात फुटल्याचं लक्षण असू शकतं. लगेच रुग्णालय गाठा.

बांधकामाला माल लागतो. तुमच्या वजनाला दिवसाला १०० ते ११० ग्रॅम प्रथिन, चार जेवणांत २५ ते ३० ग्रॅम असं वाटून घ्या. एमटॉर प्रथिनातल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाची पातळी ओळखतो, आणि तेवढी पातळी गाठायला एका वेळचा हिस्सा पुरेसा मोठा असावा लागतो. दिवसभर थोडंथोडं टोचत खाण्याने ते साधत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

तुमच्या वयाच्या स्त्रियांसाठी लोहाचंही पाहायला हवं. रक्तद्रव वाढल्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरलेला दिसू शकतो आणि त्यात काळजीचं काही नसतं, पण खरी कमतरता असेल तर प्रगती खरोखरच अडते. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, तपासून घ्या. लोहाची गोळी द्यायचं ठरलं तर ती सकाळी घ्या, कडक व्यायामानंतरच्या ३ ते ६ तासांत नको. तेव्हा हेपसिडिन हे संप्रेरक चढलेलं असतं आणि ते आतड्यातून लोह शोषू देत नाही.

जनुक चाचणीवर पैसे घालू नका. व्यायामाला प्रत्येक शरीर वेगळा प्रतिसाद देतं आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे 'हेरिटेज' नावाच्या कुटुंब-अभ्यासाने दाखवलं. वीस आठवड्यांच्या एकाच कार्यक्रमाने कुणाचं व्हीओटू मॅक्स मिनिटाला लिटरभराहून जास्त वाढलं, कुणाचं जवळजवळ वाढलंच नाही. या फरकाचा साधारण निम्मा भाग घराण्यातून आलेला दिसला. पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे. चाचणी विकणारे हमखास पुढे करतात ते एसीटीएन-३ हे जनुक जलद तंतूंतलं एक प्रथिन बनवतं. जगातल्या दर पाच-सहा माणसांमागे एकात ते प्रथिन मुळीच नसतं, आणि ही माणसं ठणठणीत असतात, व्यायामाने सुधारतातही. अशा चाचण्यांवरून कुणाला कोणता व्यायाम द्यावा हे ठरवू नये, असं या विषयातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकत्रितपणे म्हटलं आहे. याहून उपयोगी माहिती २०१७ च्या एका अभ्यासात आहे : आठवड्याला एक ते तीन तास व्यायाम करून ज्यांची क्षमता सुधारली नव्हती, त्यांना पुढचे सहा आठवडे दर आठवड्याला आणखी दोन तास दिल्यावर 'न सुधारलेला' असा एकही उरला नाही.

मोजमाप वजनकाट्यावर करू नका, तो यातलं काहीच दाखवत नाही. एक ठरावीक सपाट अंतर निवडा, दोन किलोमीटर चालेल, आणि दर तीन आठवड्यांनी तेच अंतर त्याच वेगाने जाऊन शेवटचे ठोके लिहून ठेवा. केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया वाढत असतील तर हा आकडा हळूहळू उतरेल. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, हे नवं वेळापत्रक सुरू केल्यापासून बारा आठवड्यांनी तपासा. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्याआधी तपासलंत तर त्यात जुन्याच साखरेची नोंद जास्त असेल. आणि फेरिटिन त्याच वेळी बघा, कारण लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं.